झेप नको, नजर काढायचीय

मला कामासाठी जे फोन येतात त्यात एक फोन ठरलेला असतो. ताई, एक गरुड काढून द्या, झेप घेतानाचा, पंजे पुढे आलेले, चोच उघडी, आणि जरा रागीट पाहिजे बरं का. कधी जिमच्या भिंतीसाठी, कधी तालमीसाठी, कधी गणेश मंडळाच्या टीशर्टसाठी. मागोमाग व्हॉट्सअॅपवर रेफरन्सचा फोटो येतो आणि तो कायम एकाच पक्ष्याचा असतो, पांढरंशुभ्र डोकं, पिवळीजर्द चोच. हा पक्षी उत्तर अमेरिकेतला आहे. आपल्या रानात तो नाही, कधीच नव्हता, पण धुळ्याहून जळगावला हायवेने निघा, फ्लेक्सवर सगळ्यात जास्त दिसणारा गरुड तोच. आणि त्या फ्लेक्सच्या वरून जी विजेची तार गेलेली असते ना, तिच्यावर बऱ्याचदा खरीखुरी कापशी घार बसलेली असते, राखी-पांढरी, लालभडक डोळ्यांची, खालच्या शेतात उंदीर शोधत, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहायला घेतलंय.

मी इलस्ट्रेटर, धुळ्याची. पोटापाण्यासाठी मुलांच्या पुस्तकांची, मासिकांची, मसाल्याच्या पाकिटांची वगैरे चित्रं करते आणि त्यातून वाचलेला सगळा वेळ शिकारी पक्ष्यांमागे जातो. तुम्ही झेप का काढत नाही असं लोक विचारतात, तर त्याचं सरळ उत्तर असं की झेप हा त्या पक्ष्याच्या दिवसातला अगदी छोटा तुकडा आहे, काही सेकंदांचा, आणि त्यातल्याही कितीतरी झेपा वाया जातात, उंदीर बिळात शिरतो, पक्षी परत येऊन तारेवर बसतो. उरलेला सगळा वेळ तो बघत असतो. बसून बघतो, हवेत थांबून बघतो, वर घिरट्या घालत बघतो. ज्या कामात त्याचा जन्म जातो ते सोडून आपण फक्त मारायचा क्षण काढायचा हे मला पटत नाही. मला त्याचं बघणं काढायचंय.

हे डोक्यात शिरलं ते मामांच्या शेतावर. शिंदखेडा तालुक्यात त्यांची कोरडवाहू जमीन आहे, कपाशी, बाजरी, थोडी ज्वारी, आणि बांधावर एक वाळलेली बाभूळ. तिच्या शेंड्यावर कापशीची ठरलेली जागा. मी स्केचबुक घेऊन बांधावर बसले की मामा येता-जाता अहिराणीत विचारायचे, "काय देखी राह्यनी वं पोर इतला येळ?" मी बोट दाखवायचे. "हाई तं कापशी शे. उंदरं खास ती. राहू दे तिले." एवढं बोलून ते कामाला लागायचे. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपलेला, पण 'राहू दे तिले' हे माझ्या मनात पक्कं बसलं.

त्या बाभळीखाली तिने ओकून टाकलेल्या गोळ्या सापडतात. बोटाच्या पेराएवढ्या, करड्या केसांच्या घट्ट दाबलेल्या, वाळल्यावर वजनच नाही. फोडल्या की आत उंदराची बारीक हाडं, कधी जबड्याचा तुकडा त्याच्या नारिंगी दातांसकट. मी त्या घरी आणून कागदावर मांडून काढल्यात, एक एक हाड, पेन्सिलने, आणि खरं सांगते, शिकारीचं माझं सगळ्यात प्रामाणिक चित्र मला तेच वाटतं. रक्त नाही, पंजे नाहीत, आणि तरी सगळं आहे.

आता तिचं हवेत थांबणं. कापशी शेतावर एका जागी पंख मारत थांबते, पंख वर इंग्रजी व्ही सारखे, शेपटी खाली वळवलेली, पाय कधी कधी लोंबते. वारा असतो त्यामुळे अंग सतत हलतं, शेपटी डावी-उजवी ॲडजस्ट होत असते, पण डोकं बघा. डोकं हवेत खिळलेलं असतं. बाकीचं सगळं शरीर ते डोकं स्थिर ठेवण्यासाठी राबत असतं, कारण डोकं हललं तर खालचं गवत आणि गवतात हललेला उंदीर यातला फरक कळणार नाही. खरुची नावाचा छोटा ससाणा हिवाळ्यात आपल्याकडे येतो तोही असंच करतो. मग ती टप्प्याटप्प्याने खाली येते, थांबते, पुन्हा बघते, पुन्हा थोडी खाली. मी हे काढताना आधी डोळा काढते, कागदावर त्याची जागा पक्की करते, आणि मग त्याच्याभोवती बाकीचा पक्षी मुद्दाम हलता ठेवते, पंखांच्या दोन-तीन रेषा एकमेकींवर, खोडरबर नाही. लोकांना वाटतं रफ स्केच आहे, फिनिश करायचं राहिलंय. ते पूर्ण झालेलं असतं.

तिच्या डोळ्याचा लाल मला ट्यूबमधून थेट कधीच मिळाला नाही. कॅडमियम रेड फार नारिंगी जातो, क्रिमझन फार जांभळा. तो मिळाला नंदुरबारला. तिथे सीझनमध्ये मिरचीच्या पथाऱ्या पडतात, मोकळ्या रानात एकरच्या एकर लाल, आणि ओली मिरची वाळत जाताना तिचा रंग रोज थोडा गडद होत जातो, त्यातला मधला कुठलातरी दिवस म्हणजे कापशीचा डोळा. ठसकत, डोळे पुसत मी तिथे रंगाच्या पट्ट्या करून आणल्या आणि अजून त्याच वापरते. हा लाल मोठ्या पक्ष्याचा, पिल्लाचे डोळे तपकिरी-पिवळट असतात आणि पाठीवर खवल्यांसारख्या कडा असतात, त्यामुळे वय दाखवायचं तर डोळ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

घारीबद्दल मात्र मला वेगळंच प्रेम आहे. ती सगळ्यांना दिसते म्हणून कुणी तिला किंमत देत नाही. धुळ्यात मटण मार्केटच्या वर सकाळपासून घारी असतात आणि चित्रकाराला याच्यापेक्षा चांगला फुकटचा क्लास मिळणार नाही. शेपटीला खाच असते हे सगळ्यांना माहीत आहे, पण शेपटी पूर्ण पसरली की ती खाच नाहीशी होते आणि कड जवळपास सरळ दिसते, मग नवखा माणूस म्हणतो हा दुसराच कुठला तरी पक्षी. पंखांच्या टोकाला सहा बोटं मोजता येतात, मोठ्या गरुडांची सात भरतात. ही बोटं शोभेसाठी नाहीत, टोकाशी हवेचे जे भोवरे तयार होतात ते या फटींमुळे फुटून लहान होतात आणि पक्ष्याला मागे खेचणारी ओढ कमी होते, म्हणून तर तासन्‌तास पंख न हलवता ती वर राहू शकते. आणि घार उडता उडता खाते, पाय पुढे आणते, मान खाली वाकवते, एक तुकडा तोडते, पाय परत मागे, आणि वळण जराही चुकत नाही. हे मला एकदा तरी नीट जमावं म्हणून मी वह्याच्या वह्या भरल्यात.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा लोक मला म्हणतात, वेडी आहेस का गच्चीवर बसायला. पण जमीन तापली की गरम हवा वर चढते आणि घारी त्या हवेवर स्वार होऊन वर जातात, सकाळी नऊ-दहाला हे सुरू होतं. डोक्यावर ओला रुमाल टाकून मी तेवढ्या वेळेपुरती बसते. त्या वेळी मी कागदाकडे बघत नाही, नजर पक्ष्यावर आणि हात आपला चालू, एकाच पानावर एकाच घारीच्या फेऱ्या वर वर चढत जातात. त्याच दिवसांत कधी पंखांत फट दिसते, जुनं पीस गळालेलं, नवं अजून यायचं. ते बहुतेक वेळा दोन्ही पंखांत साधारण सारख्याच जागी गळतं म्हणजे तोल जात नाही. एका क्लायंटने माझ्या चित्रातली ती फट फोटोशॉपमध्ये भरून टाकली होती. मी पैसे परत केले आणि चित्र मागे घेतलं.

राग हा अजून एक मुद्दा. शिकारी पक्षी रागीट दिसतो कारण त्याच्या डोळ्यांवर हाडाची कड पुढे आलेली असते, उन्हापासून, काट्या-कुट्यांपासून डोळा वाचवायला. त्याला राग आलेला नसतो. ती कड समजून काढली की सावली आपोआप बरोबर पडते, भुवई म्हणून काढली की कार्टून होतं. कापशीत ती कड सौम्य आहे, मधुबाजात जवळपास नाहीच, म्हणून मधुबाजाचं डोकं कबुतरासारखं साधं दिसतं. ससाणे अजून वेगळे. त्यांचे डोळे काळेभोर, भोवती पिवळी कड, गालावर काळी मिशी आणि वरच्या चोचीच्या कडेला एक छोटा दात, ज्याने ते सावजाची मान मोडतात. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो हे सगळे सांगतात, पण तो बाज-गरुडांपेक्षा पोपटांना जवळचा आहे हे फार कुणी सांगत नाही. २००८ मध्ये पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात हे पुढे आलं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की मी त्याच रात्री ससाण्याचं आणि पोपटाचं डोकं शेजारी शेजारी काढून बघितलं.

शिक्रा तर आपल्या कॉलनीत राहतो. आखूड गोलसर पंख, लांब शेपटी, झाडांच्या गर्दीतून वळणं घेत जाण्यासाठीच बनलेला. नराचे डोळे लाल, मादीचे पिवळट-नारिंगी, आणि मादी नराहून मोठी, शिकारी पक्ष्यांत बहुतेक ठिकाणी असंच असतं, त्यामुळे जोडीचं चित्र काढताना नर मोठा काढायची सवय मोडावी लागते. आणि शिक्र्याबरोबर पावशा आलाच. तोच तो, मे संपता संपता 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडणारा, शेतकऱ्याचा लाडका. पावशा दिसायला इतका शिक्र्यासारखा असतो, वरून राखाडी, छातीवर आडव्या पट्ट्या, उडण्याची पद्धतसुद्धा तीच, की तो आला की लहान पक्षी घाबरतात, आणि तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. मी दोघांना एकाच फांदीवर काढलंय. फरक करायचा तर चोच आणि पाय बघा, शिक्र्याची चोच आकड्यासारखी, पावशाची सरळसोट बारीक. मामांनी ते चित्र बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हाऊ पावश्या शे, हाऊ नही." बरोबर ओळखलं त्यांनी.

हिवाळ्यात मी लळिंगच्या कुरणाकडे जाते, भोवत्यांसाठी. हे पाहुणे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून आणि त्याही पलीकडून येतात, ऑक्टोबरच्या सुमाराला, आणि मार्चपर्यंत असतात. भोवत्या गवताच्या अगदी जवळून, डुलत डुलत उडतो, नाकतोडे, पाखरं, उंदीर. त्याच्या चेहऱ्याला घुबडासारखी गोल तबकडी असते कारण तो गवतातला आवाजही ऐकत असतो. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर राखी, पंखांची टोकं काळी, मादी तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. संध्याकाळी हे पक्षी झोपायला जमिनीवर उतरतात, गवतातच, झाडावर नाही. म्हणून ज्याला आपण पडीक रान म्हणतो आणि ज्यात उन्हाळ्यात आग लावतो किंवा खड्डे करून झाडं लावतो, ते त्यांचं घर असतं. गवताळ रानात झाडं लावणं हे चांगलं काम आहे असं सगळ्यांना वाटतं आणि मला तिथे विरोधात बोलावं लागतं, लोक नाराज होतात, तरी मी बोलते. भोवत्याच्या चित्रात म्हणून मी पक्षी छोटा आणि गवत मोठं ठेवते, यलो ऑकर, बर्न्ट अंबर, थोडा गुलाबी, पानभर गवत. एका प्रदर्शनात कुणीतरी विचारलं, पक्षी कुठाय? शोधा म्हटलं. शोधत बसले ते, सापडल्यावर जो चेहरा झाला त्यासाठीच तर काढलंय.

आणि रानपिंगळा, एक छोटं घुबड. खान्देशी माणसाने हा पक्षी पाठ करायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं वर्णन लिहिलं, तेच ह्यूम ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेत वाचतो. पुढे डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याच खान्देशातून नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगात पुरावा म्हणून उरले म्युझियममधले सात नमुने. त्यातला एक तर १९१४ साली गुजरातमध्ये मिळवला असं माइनर्त्झहागेन नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवलेलं, पण तो नमुना मुळात म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसनचाच, पुन्हा नव्याने भरून शिवलेला, हे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी शोधून काढलं. म्हणजे इतकी वर्षं शोधणारे चुकीच्या पत्त्यावर जात होते. आणि मग नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो पक्षी जिवंत दिसला, शहाद्याजवळ! ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हासुद्धा झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. नंतर तो यावल, मेळघाट अशा सातपुड्याच्या पट्ट्यात आणि अजूनही काही ठिकाणी मिळाला, २०१८ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने त्याला अतिसंकटग्रस्तमधून एक पायरी खाली संकटग्रस्तमध्ये घेतलं. तरी तो दुर्मिळच आहे.

मी तो तोरणमाळच्या बाजूला बघितला, एका पावरा दादांच्या सोबतीने, नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही. भरदिवसा, पानं गळालेल्या सागाच्या फांदीवर. घुबड म्हणजे रात्र असं डोक्यात बसलेलं असतं पण हा दिवसा फिरतो, पाली-सरडे पकडतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या माथ्यावर ठिपके जवळपास नाहीतच. पाय अंगाच्या मानाने दणकट, बोटांपर्यंत पांढरी पिसं, आणि शेपटी मधूनच डावीकडे-उजवीकडे झटकतो. तो आमच्याकडे बघत होता, मग आमच्यात काही राम नाही असं दिसल्यावर त्याने मान फिरवली आणि खालच्या पाचोळ्याकडे बघायला लागला. मी तेच काढलं, मागून, मान वळलेली, चेहरा अर्धा. दादा म्हणाले चेहरा नीट आला नाही. मी म्हटलं दादा, त्याला पाचोळ्यात जे दिसत होतं ते आपल्यापेक्षा महत्त्वाचं होतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावतात ते आम्ही केलं नाही, कुणीच करू नये, त्याला वाटतं दुसरा पिंगळा आपल्या हद्दीत घुसलाय आणि तो सगळं सोडून भांडायला येतो.

गिधाडं मी अजून इथे जिवंत बघून काढलेली नाहीत. मामा सांगतात, ढोर मेलं की आभाळ भरून यायची. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. फोटोवरून काढायला हात वळत नाही.

सध्या मी साक्रीकडच्या पवनचक्क्यांवर एक मालिका करतेय. ब्राह्मणवेलच्या पठारावर त्यांचं मोठं जंगलच आहे. वीज हवी हे मला मान्य आहे, घरात फॅन मलाही लागतो. पण ज्या वाऱ्यासाठी पाती उभी केली तोच वारा घारी-गरुडही वापरतात. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले आणि तिथले सरडे वाढले. वरचा बघणारा गेला की खालची सगळी गणितं बदलतात. आमच्या साक्रीत असा अभ्यास व्हावा असं फार वाटतं. मी फक्त चित्रं करू शकते, तर ती करतेय, पातं आणि तिसा एकाच चौकटीत. तिसा म्हणजे मध्यम आकाराचा, पांढऱ्या डोळ्यांचा, चोचीच्या मुळाशी नारिंगी, माळावर खांबावर बसून नाकतोडे खाणारा पक्षी.

हाच तिसा आता एका जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर येतोय. सरांनी आधी अर्थातच तो पांढऱ्या डोक्याचा गरुड मागितला होता. मी मुलांना विचारलं, शाळेच्या वाटेवर खांबावर कोण बसतं? त्यांनी डोळ्याच्या रंगासकट सांगितलं, आणि एकीने तर तो कसा मान तिरपी करून बघतो ते करूनही दाखवलं. तीच मान काढणार आहे. भिंत पश्चिमेची आहे, ऊन फार लागतं, त्यामुळे बाहेरच्या भिंतीचं इमल्शन आणि वर क्लिअर कोट असं ठरलंय, शिडी सरपंच दादा देताहेत. काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, कुणाला यायचं असेल तर जुने कपडे घालून या, ब्रश माझ्याकडे भरपूर आहेत.